राजवीरनं भंडारा उचलला

माझा भाऊ एका माणसाचं नाव घेत न्हाय.
सध्या आमच्या घरात एवढंच दुखणं हाय.
ते नाव पेठेतल्या शेंबड्या पोराला ठाऊक हाय,
पानपट्टीवाल्याला ठाऊक हाय, पोलिसांना बी ठाऊक असंल,
पण राजवीरनं ते आपल्या तोंडानं सांगाय पायजे,
बाल न्याय मंडळाच्या म्होरं, कागदावर येईल असं.
न्हाय सांगितलं तर सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर.
आन् अंगावर म्हंजे काय, तर एका पोराचं मरण.
राजवीर सोळाचा हाय. अजून मिशी बी धड फुटल्याली न्हाय.

मी वर्षाराणी, त्याची थोरली बहीण.
आमच्या कोल्हापुरात, मंगळवार पेठेत पोरी बी आलो-गेलोच म्हणत्यात,
तवा मी बी तसंच बोलणार. कुणाला खटकलं तर खटकू दे,
माझं डोकं आधीच तापलंय.

आमची आई तानाबाई. तिच्या म्हशी.
सांजच्याला म्हशी दूध कट्ट्यावर नेऊन बांधायच्या,
गिऱ्हाईक ग्लास धरून हुबं,
आई तिथंच धार काढणार, ग्लास फेसासकट भरणार,
आन् माणूस जाग्यावर पिऊन, मिशी पुसून घरला जाणार.
बाबा कोरोनात गेलं. तवापासनं सकाळचा रतीब राजवीरकडं,
सायकलला किटल्या अडकवायच्या आन् दारोदार दूध घालायचं.
शाळा बी चालू हुती, म्हंजे दप्तर चालू हुतं.
मी पोलीस भरतीच्या मागं. पहाटं ग्राउंडवर पळायचं,
परत येऊन शेणघाण, मग अभ्यासाला लायब्ररीत.
राजवीर मला म्हणायचा, "ताई, तुझं पाय म्हंजे नाद खुळा.
तू एकदा वर्दी घाल, मग मी तुझ्या जीपचा ड्रायव्हर हुतो."
असलं येडं हाय ते.

*

आता ते नाव. मी घेतो की, मला कुणी शपथ घातल्याली न्हाय.
विश्वजित. सगळी दादा म्हणत्यात.
जिम हाय त्याची, काचेत प्रोटीनचं डबं मांडल्यालं,
पांढरी गाडी, आन् मागं कायम चार-पाच पोरं.
कुणाच्या मयताला पयला हजर, कुणाच्या लग्नात मोठा आहेर,
तालमीच्या फुटबॉल टीमला बूट बी त्याचंच.
असल्या माणसाला वाईट कोण म्हणणार?
आई तर म्हणायची, लई मोठ्या मनाचं पोरगं.

एकदा सांजच्याला तो कट्ट्यावर आला.
आईच्या हातनं ग्लासभर दूध पिलं,
आन् राजवीरच्या पाठीवर थाप टाकली.
"मावशी, ही पैलवानाची पाठ हाय. म्हशीमागं घालवू नका.
जिमला पाठवा उद्यापासनं, फी बी नको मला."
मी घमेलं धूत हुतो. म्हणलं, "फी कशापायी नको?"
तो हसला. "वर्षाराणी, तू पोलीस झालीस की एक सलाम ठोक मला,
फी पोचली."
सगळी हसली. मी बी हसलो, लपवू कशाला.

मग राजवीरचा वाढदिवस आला.
सकाळी रतीब घालून परत येतंय तर चौकात ह्याचाच फ्लेक्स.
वरती दादाचा हा एवढा फोटो, खाली राजवीर हात जोडून,
गॉगल दुसऱ्याचा, शर्ट दुसऱ्याचा,
आन् लिहिल्यालं काय, तर "आमचा ढाण्या वाघ राजवीर यांस,
विषय हार्ड".
यांस म्हणं. घरात आम्ही त्याला राज्या म्हणून शेण काढाय लावतो.
आई किटली घेऊन त्या फ्लेक्सखाली जाऊन हुबी राहिली.
येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत हुती, "माझा ल्योक हाय ह्यो."
आमच्या घरात त्याच्या आधी एकच फोटो मोठा केल्याला.
बाबांचा, हार घातल्याला.
त्या दिवशी राजवीर जेवला बी न्हाय, सारखा चौकात जाऊन बघून यायचा.

असं गळाला लावत्यात पोराला. पैशानं न्हाय.
त्याचं तोंड चौकात टांगायचं, आन् तो तुमचा.

*

पयलं काम अगदीच बारकं हुतं.
"भरतीच्या पोरांच्या खोल्यांवर रतीब घालतोस न्हवं?
मग जाता जाता एवढं पुडकं देत जा. स्टॅमिन्याचं औषध हाय."

तुम्हाला भरतीची पोरं ठाऊक न्हाईत तर सांगतो.
कोण राधानगरीकडचं, कोण मलकापूरकडचं,
कोल्हापुरात येऊन एका खोलीत सहा-सात जण राहत्यात,
मेसचं जेवण, अंगावर एकच ट्रॅकसूट, डोक्यात फक्त वर्दी.
पळण्यात जरा मागं पडलं की सगळं वरीस पाण्यात.
त्यातल्या एखाद्याला कुणी म्हणलं, हे टोच, दम लागणार न्हाय,
तर ते पोरगं काय करंल?
ते इंजेक्शन दवाखान्यातलं. ऑपरेशनात बीपी पडलं तर डॉक्टर देत्यात.
चिठ्ठीबिगर मिळत न्हाय, मिळाय बी नको.
दादाच्या जिममध्ये मिळायचं.

खोल्यांवर द्यायच्या दुधाच्या पिशव्या किटलीत, पुडकं त्यांच्या खाली.
दूधवाल्याच्या किटलीत कोण हात घालतंय?
माझा भाऊ पेठेतनं सायकलवर शीळ घालत जायचा,
आन् मी त्याच्याच पुढं पहाटं ग्राउंडला पळत जायचो.
मला वास बी आला न्हाय.

पण पोरगं बिनडोक न्हाय आमचं.
एका खोलीवर त्यानं एक जण भिंतीला धरून थरथरताना बघितला,
आन् त्याच दिवशी जिमला जाऊन म्हणला,
"दादा, उद्यापासनं मी न्हाय देणार."
दादानं मारलं न्हाय, शिवी बी दिली न्हाय.
मोबाईल काढून एक व्हिडिओ लावला.
राजवीर, हातात पुडकं, तोंड सगळं स्पष्ट.
"ह्यात मी कुठं दिसतोय काय रे?" असं विचारलं.
राजवीर म्हणला, न्हाय.
"मग उद्या येळंवर ये," एवढंच बोलून दादा वजनं उचलाय लागला.

हे सगळं मला राजवीरनं नंतर सांगितलं,
पोलिसांनी धरल्यावर, पोरांच्या निरीक्षणगृहात, भेटीच्या खोलीत, बारक्या आवाजात.
बहिणीला सांगितलं तर शपथ मोडत न्हाय म्हणं,
सायबाला सांगितलं तर मोडती.
शपथेतली पळवाट बी त्यानंच शोधली, आन् कुलूप बी त्यानंच लावलं.
मी पोलीस सायबांना म्हणलं, मी सांगतो की मग.
ते म्हणले, "तुम्ही डोळ्यांनी बघितलं का?"
बघितलं न्हवतं. ऐकल्यालं चालत न्हाय.

*

मेला तो प्रसेनजीत.
मलकापूरचा. वडील अण्णासो गवंड्याच्या हाताखाली, आई मीनाबाई शेतावर मजूर.
आमच्याकडनं रोज अर्धा लिटर दूध घ्यायचा,
आन् ग्राउंडवर माझ्या बाजूनं पळायचा.
"वर्षाराणी, खांदं ढिलं सोड, पाय आपोआप जात्यात,"
असं शिकवायचा, आन् आपण मात्र खांदं ताठ करून पळायचा.
गेल्या भरतीला एका मार्कानं हुकलेला.
घरी तोंड कसं दाखवू म्हणून दिवाळीला बी गेला न्हवता.

त्या दिवशी पळता पळता तो खाली बसला.
मग आडवा झाला. आम्हाला वाटलं, पायात गोळा आला.
कुणी तळवं घासलं, कुणी नाकाला कांदा लावला.
मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.
छातीवर हात ठेवला तर हात उडत हुता.
"काय न्हाय, काय न्हाय," असं तोच मला म्हणला,
आन् दवाखान्याच्या दारातच गेला.
मीनाबाई आल्या तवा त्यांनी माझा हात धरून विचारलं,
"पोरी, त्यानं पाणी मागितलं का गं?"
मी व्हय म्हणलं, दिलं म्हणलं. मागितलं न्हवतं.

त्याच्या ट्रॅकसूटच्या खिशात बारकी बाटली सापडली.
राजवीरनं त्याच पहाटं दिल्याली, अर्ध्या लिटरच्या पिशवीबरोबर.

*

त्याच दुपारी दादानं राजवीरला गाडीत घातला
आन् गावाबाहेर माळावरच्या बिरोबाला नेला.

आमच्याकडं भंडारा उचलणं म्हंजे काय ते बघा.
देवाम्होरची हळद मुठीत घ्यायची आन् बोलायचं.
झालं. त्यावर कोर्टाचा शिक्का फिका.
इलेक्शनला माणसं फुटू नयेत म्हणून हेच करत्यात,
गाडीत घालून नेत्यात, भंडारा उचलाय लावत्यात.
गरीब माणूस जीव देईल, पण उचललेला भंडारा मोडणार न्हाय.
दादानं स्वतः एकाचा भंडारा उचलून दुसऱ्याचं काम केलतं,
पेठेला ठाऊक हाय. त्याच्या पायाला काटा बी टोचला न्हाय.

तिथं दादानं नारळ फोडला, आन् गोड बोलला.
"पोलीस येतील. तू बारका हाईस, तुला चार महिनं, मग मोकळा.
मी आत गेलो तर तुझ्या आईला कोण बघणार? वकील कोण देणार?
ताईची भरती बी मी बघतो. फक्त माझं नाव न्हाय.
घे भंडारा. बोल, नाव घेतलं तर ताईचं पाय जातील."
राजवीर बोलला.
"आन् म्होरं?"
दादानं त्याची मूठ आपल्या मुठीत दाबली.
"आन् आईचा जीव जाईल," असं राजवीर बोलला.
माझा भाऊ कशावर जगतोय ते त्या माणसाला बरोबर ठाऊक हुतं.
मुडदा बशिवला त्याचा, त्यानं देव सोडला न्हाय का आई सोडली न्हाय.

राजवीर घरी आला तवा कपाळ पिवळं, तळहात पिवळा.
आईनं विचारलं, "कुठल्या देवाला गेलतास रं?"
त्याच्या तळहातावरची चिमूटभर हळद तिनं आपल्या कपाळाला लावली,
उरल्याली म्हशीच्या.
दुसऱ्या दिवशी पोलीस त्याला घेऊन गेलं.

*

निरीक्षणगृहात प्रीती मॅडम म्हणून समुपदेशक हाईत.
सावकाश बोलत्यात, पोरांचं ऐकून घेत्यात.
त्यांनी आम्हाला दोघींना बसवून सांगितलं,
"त्याच्याकडून कुणी करवून घेतलं हे पुढं आलं,
तर तो वापरला गेलेला मुलगा ठरतो.
नाही आलं, तर तोच विकणारा ठरतो.
सोळा पूर्ण आहेत. मोठ्यांसारखा खटला चालवायचा का,
हेही मंडळ ठरवू शकतं. तेव्हा त्याला बोलतं करा."

चार महिनं म्हणं. दादाला कायदा ठाऊक न्हवता असं समजू नका.
सोळावा वाढदिवस त्यानंच चौकात लावलता.

घरी येऊन मी आईला भंडाऱ्याचं सगळं सांगितलं.
ती चुलीजवळ खाली बसली. म्हणली, "उचलला न्हवं? मग कसं बोलणार ते?"
मी ओरडलो तिच्यावर. शेजारची दारात आली एवढा ओरडलो.
"तुझा ल्योक चाललाय आन् तू हळद धरून बसलीस."
तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाय.
पुढच्या भेटीला मात्र तीच पुढं झाली.
राजवीरचं तोंड दोन्ही हातात धरलं आन् म्हणली,
"माझ्या जिवाचं काय घेऊन बसलास? लई जगलो मी. बोल तू."
तो म्हणला, "मग मी बाहेर येऊन कुणाला आई म्हणू?"
मग त्यानं विचारलं, "आन् ताईचं पाय?"
आईचं हात त्याच्या तोंडावरनं खाली आलं.
आपल्या जिवावर तिनं पाणी सोडलं हुतं. माझ्या पायांवर ती कसं सोडणार?

तिथंच माझ्या डोक्यात शिरलं.
म्हंजे आडवं कोण येतंय, तर माझं पाय.

*

मी देव मानत न्हाय असं न्हाय, पण असला सौदा मानत न्हाय.
मी हिशोब घातला असा:
राजवीरला भ्या कशाचं, तर माझं पाय जाण्याचं.
पाय गेल्यालं त्याला दाखवलं तर भ्या संपलं.
देवानं आपलं आधीच नेलं, आता धरायला काय उरलं?
आईनं तर आपल्या जिवावर पाणी सोडल्यालंच. मग पोरगं मोकळं, सोमवारी मंडळात तारीख हुती, तवा बोलून टाकंल.
लई हुशार समजलो मी स्वतःला.

शनिवारी मेडिकलमधनं बँडेज आणलं.
आंबेहळदीचा लेप पायाला थापला, वास यायला पायजे म्हणून,
वरनं बँडेज गुडघ्यापर्यंत गुंडाळलं.
शेजारच्या आकाराम आजोबांची काठी मागून घेतली.
म्हशींच्या म्होरं लंगडून बघितलं, त्या रवंथ करत बसल्या.
आई आली आन् घाबरली. तिला खरं सांगितलं असतं
तर देवाशी खोटं बोलतीस म्हणून तिनं मला येऊच दिलं नसतं.
म्हणून म्हणलं, गोठ्यात घसरलो, पाय मोडला, डॉक्टर म्हणला पळणं संपलं.
ती रडली. मी तिला रडू दिलं.

रविवारी आम्ही भेटीला गेलो.
मी काठी टेकत, आई माझा दंड धरून.
राजवीर आतनं पळत आला. हसत आला.
तिथं गेल्यापासनं पयल्यांदा मी त्याचं दात बघितलं.
केस विंचरल्यालं, तोंड धुतल्यालं, कायतरी सांगायचं हुतं त्याला,
ओठांवर हुतं बघा.
मग त्यानं माझा पाय बघितला.

"कधी झालं?" एवढंच विचारलं.
मला काय, कायतरी सांगायचं म्हणून सांगितलं,
"काल. सांजच्याला, धारंच्या येळंला."
तो भिंतीला टेकला आन् तसाच खाली बसला.

मी आपलं पाठ केल्यालं बोलत सुटलो.
"हे बघ राज्या, देवानं त्याचं नेलं. झालं-गेलं.
आता तू मोकळा. उद्या बिनघोर नाव सांग."
त्यानं मान वर केली.
"मी सांगितलं ताई. काल सांजच्याला.
प्रीती मॅडमला नाव सांगितलं. उद्या मंडळात बी सांगणार हुतो.
तेच सांगाय पळत आलतो."

खोलीत पंखा फिरत हुता.

*

मग मी काठी फेकली. बँडेज ओरबाडलं.
"खोटं हाय राज्या. मी खोटं बोललो. काय झाल्यालं न्हाय, बघ."
मी जाग्यावर उड्या मारल्या.
भिंतीपासनं टेबलापर्यंत पळालो, परत पळालो.
पायाला हळद, पिवळीधम्मक, नडगीपासनं टाचेपर्यंत,
आन् तो त्या हळदीकडं बघत हुता.
उठला, माझं खांदं धरलं, मला दाबून खुर्चीत बसवलं.
"नको ताई. माझ्यासाठी पळू नको. आणखी मोडंल."
"अरं मोडल्यालाच न्हाय."
आन् आई, माझी भोळी आई, पदरानं डोळं पुसत म्हणली,
"अगं, काल गोठ्यात पडलीस न्हवं तू?
डॉक्टर म्हणला न्हवं पळणं संपलं? आता खोटं कशाला बोलतीस लेकराशी?"

मी आईला म्हणलं, ते बी खोटं हुतं.
राजवीरला म्हणलं, आईच्या गळ्याची आण, खोटं हुतं.
असं म्हणल्यावर तर तो आणखीच भ्याला.
"आईच्या गळ्याची नको घेऊ. आता आईच राहिलीया," म्हणला.
मग तो उठून आईजवळ जाऊन बसला.
भेट संपेपर्यंत तिचा हात त्यानं सोडला न्हाय.
माझा राग मला आवरंना. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो,
आन् त्याला वाटलं, माझा पाय दुखतोय.

प्रीती मॅडमना मी दारातच गाठलं, सगळं सांगितलं.
त्यांनी माझ्या हळदीच्या पायाकडं बघितलं.
मग म्हणल्या, "मी बोलते त्याच्याशी. तू उद्या बूट घालून ये."

*

सोमवारी मी पळायचं बूट घालून गेलो.
ट्रॅकसूट गुडघ्यापर्यंत वर दुमडला, सगळ्यांना दिसावं म्हणून.
मंडळाचा जिना दोन-दोन पायऱ्या उडी मारत चढलो.
शिपाई म्हणला, "ओ ताई, सावकाश."
राजवीर बाकावर बसला हुता. त्यानं माझं पाय नीट बघितलं.
मी पुढं जाऊन त्याच्यासमोर हुबा राहिलो, एका पायावर, मग दुसऱ्या पायावर.
मला वाटलं, पटलं त्याला. खरंच पटलं असंल बी.
त्याच्या तोंडावर जरा रक्त आलं.
"बरा झाला की गं," असं हळूच म्हणला.
मी म्हणलं, "झाला न्हाय रं, मोडलाच न्हवता."
तो म्हणला, "काल रातभर मी बिरोबाची माफी मागितली.
म्हणलं, सांगितल्यालं नाव मागं घेतो, ताईला उठीव. उठीवलं बघ त्यानं."

तुम्ही असता तर काय बोलला असता?
पाय मोडला तर देव खरा, पाय धड तर देव आणखीनच खरा.
मी त्याला चारी बाजूंनी माझ्या हातानं कोंडून ठेवलता.

तेवढ्यात आई जिन्यानं वर आली.
उन्हातनं चालत आल्याली, छातीला हात लावून धापा टाकत.
राजवीरनं तिला बघितलं आन् त्याचं तोंड पांढरं पडलं.
"आई, बस की खाली. पाणी पी. बोलू नको तू," म्हणला.
आन् आत बोलावल्यावर चटकन उठून गेला, उशीर नको म्हणून.

मी बी मागनं आत गेलो, आई बाहेरच बसली. आत मॅडम न्यायाधीश हुत्या, बाजूला दोघं सदस्य.
प्रीती मॅडमनी आपला कागद पुढं ठेवला हुता.
न्यायाधीशांनी अगदी मायेनं विचारलं,
"बाळ, घाबरू नकोस. ती पुडकी तुला कोण देत होतं?"
राजवीरनं हात पाठीमागं बांधलं.
"शनिवारी मी मॅडमना खोटं सांगितलं. कुणी देत न्हवतं. मीच आणायचो."
"कुठून?"
"मीच आणायचो."
प्रीती मॅडमनी त्याचं नाव घेऊन हाक मारली, दोनदा.
त्यानं वळून बघितलं न्हाय.
मी बाकावरनं उठून ओरडलो, विश्वजित, विश्वजित नाव हाय त्याचं.
मला बाहेर काढलं. ऐकल्यालं चालत न्हाय.

थोड्या येळानं त्याला बाहेर आणला, गाडीकडं न्यायला.
दोन्ही बाजूंनी पोलीस, साध्या कपड्यातलं.
आई बाकावर बसली हुती, पाणी पिऊन तिची धाप थांबली हुती.
मी भिंतीला टेकून हुबा हुतो.
राजवीर जाता जाता थांबला.
आधी आईकडं बघितलं, ती श्वास घेतीया का ते.
मग माझ्या पायांकडं बघितलं.
दोन्ही गोष्टी जाग्यावर हुत्या.
तो हसला, अगदी रविवारी आत येताना हसलता तसा,
आन् समाधानानं गाडीत जाऊन बसला.